युतसिमनं मडकं आणलं नाही

आमच्या गल्लीत काढा उकळायचं मडकं एकच होतं. गाव अख्खं मातीवर जगणारं. सकाळी दार उघडावं तर समोर रांजण, बरण्या, कुंड्या यांच्या उतरंडी. तरी काढ्याचं मडकं म्हणाल तर एक. एका अंगाला दांडा, दुसऱ्या अंगाला तोटी, आणि बूड जळून काळं झालेलं. नवं कुणी घेत नसे. नवं घेतलं की आजाराला वाटतं आपल्यासाठी खोली बांधली, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या.

आणि ते मडकं परत करायची रीत नव्हती. घरचा माणूस बरा झाला म्हणून तुम्ही ते घासूनपुसून कुणाच्या दारी नेऊन दिलंत, तर तुम्ही दुखणंच नेऊन दिलंत. मग ती बाई जन्मभर तुमच्याकडे पाठ करून भाजी निवडणार. ज्याला लागेल त्यानं यायचं, मागायचं आणि न्यायचं. तोवर ते शेवटच्या आजाऱ्याच्या चुलीशी पडून राहायचं. त्यामुळं कुणाच्या घरी कोण आडवं झालंय हे विचारावं लागत नसे. मडकं गल्लीतून कुठल्या बाजूला चाललंय तेवढं बघायचं. आणि नाहीच दिसलं तर वास होताच. काढ्याचा वास भिंतीतून जातो.

युतसिम आमच्या समोरच्या घरात राहायची. माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी तिला वहिनी म्हणायची. तिचा बाप नदीच्या धक्क्यावर बसणारा हाडवैद्य. बोटींवर माल चढवणारे हमाल, बोटी ओढणारे, नाक्यावर मारामाऱ्या करणारे, सगळे त्याच्याकडे यायचे. विद्या त्यानं मुलाला द्यायची ठरवली आणि मुलाला बोटीवर गाणी ऐकत फिरायचं होतं. मुलीला कुणी शिकवलं नाही, तिला फक्त मागच्या पडवीत खल-बत्ता घेऊन बसवलं. कुटता कुटता पुढच्या खोलीतलं बोलणं तिच्या कानावर पडायचं. तिला त्यातलं बरंच येत होतं, काही येत नव्हतं, आणि कुठलं येत नाही हेही तिला ठाऊक होतं. मोडलेलं हाड आलं की ती सरळ म्हणायची, "हे माझं काम नाही, बोटीनं शहरात ने." पण मुका मार असला, लचक असली, की गल्ली तिच्याच दारात.

मुक्या माराबद्दल तिच्या बापाचं एक म्हणणं होतं, ते ती पाढ्यासारखं म्हणायची. आधी गार, मग चालतं, मग मऊ. मार ताजा असेल तेव्हा त्याला गार लेप लावून निवांत पडू द्यायचं, हात लावायचा नाही. दाह उतरला की साकळलेलं रक्त चालतं करायचं, त्याला पोटातून काढा. आणि सगळ्यात शेवटी, शिरा आखडू नयेत म्हणून ऊन ऊन औषधी पाण्यानं धुऊन मऊ करायचं. कुणी घाईनं पहिल्याच दिवशी दारूतलं औषध घेऊन चोळायला बसला की ती हात ओढून काढायची. "कणीक तिंबतोयस का?" म्हणायची. "आत रक्त फुटलंय. चोळून पसरवशील, मग ते तिथंच थिजेल आणि त्याचं लाकूड होईल. मग बस लाकडाशी बोलत."

त्या वर्षी पावसाच्या तोंडाशी आमच्या ह्यांची पाठ धरली होती. भट्टीत वाकून बरण्या लावताना लचक भरली. मी मडकं आणलं आणि युतसिमनं पुड्या बांधून दिल्या. करडईची फुलं, दालचिनीच्या काड्या, हिराबोळ, आणि अजून काय काय. आमचे हे कुरकुर करणारे.

"वहिनी, हे कडू किती."

"भावजी, गोड हवं असेल तर पाठ पुन्हा मोडून घ्या, साखर घालून देते."

ह्यांची पाठ बरी झाली. मडकं आमच्या चुलीशी राहिलं. आणि त्याच दिवसांत श्यूगानला लागलं.

श्यूगान हा युतसिमचा एकुलता मुलगा. नवरा खोकून खोकून गेला तेव्हा हा तिच्या पाठीवर बांधलेला होता. मोठा होऊन भट्टीवर लागला. टेकडीच्या पोटात आमची लांबच लांब भट्टी, तिच्यातून भाजून निघालेले दारूचे रांजण हातगाडीवर लादून खाली धक्क्यापर्यंत आणायचे हे त्याचं काम. अंगानं बैल, जिभेनं माकड. गल्लीतल्या म्हाताऱ्यांशी त्याचं जास्त जमायचं. लग्न मात्र जुळत नव्हतं. बाप नाही, घर एका खोलीचं, आणि आई विधवा. त्याच्या बरोबरीच्यांची पोरं गल्लीत गोट्या खेळायला लागली होती. एकदा जुळत आलेलं मोडलंही होतं. मुलीकडचे दारातून आत न येताच चहा नको म्हणाले होते. त्यानंतर युतसिमनं त्या दाराला नवा रंग दिला, स्वतःच, शिडीवर चढून.

मग सातव्या आत्यानं फोकच्या मुलीचं आणलं. सातवी आत्या म्हणजे गावातली लग्नं जुळवणारी. कुणाची आत्या होती कोण जाणे, सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं. फोक हा वरच्या धक्क्यावरच्या हमालांचा मुकादम, खांद्यावर बांबू वागवून पन्नाशीला आलेला. मुलगी बिकवान. सावळी, कमी बोलणारी, हाताला चपळ.

आत्यानं आमच्या अंगणात बसून कलिंगडाच्या बिया सोलत निरोप सांगितला. "फोक म्हणतो घर नको दाखवू, बाप नसला तरी चालेल. पोरगा धडधाकट पाहिजे. म्हणतो, माझ्या पोरीनं लहानपणापासून आईला माझे खांदे शेकताना बघितलंय. सासरी जाऊन तिला तेच नको."

"माझा धडधाकटच आहे," युतसिम म्हणाली.

"ते दिसतंयच गं. तू फक्त बघायला येईपर्यंत त्याला झाडावर चढू देऊ नकोस."

दोघी हसल्या. बघायला यायचा दिवस ठरला. तो अगदी तोंडावर होता.

आता पुढचं मला तेव्हा माहीत नव्हतं. बरंचसं नंतर युतसिमनंच सांगितलं, थोडं श्यूगाननं. पण क्रमानं सांगते.

उतारावर हातगाडीचा दोर सुटला आणि रांजण घसरला. श्यूगाननं तो पडू नये म्हणून मांडी पुढं केली. रांजणाचा काठ मांडीच्या मधोमध बसला. रांजणाला टवकाही उडाला नाही, त्यामुळं भट्टीचा मुकादम खूश. श्यूगान हसत हसत घरी आला आणि पायरी चढताना त्याचं हसू थांबलं. युतसिमनं विजार वर करून बघितलं. मांडी तट्ट फुगलेली, रंग अजून आला नव्हता. रंग उशिरा येतो तो मार खोल असतो, हे तिला कळत होतं.

तिनं आधी बरोबरच केलं. अनंताची वाळकी फळं आणि रेवाचिनी कुटली, पीठ आणि अंड्यातलं पांढरं घालून लेप केला, लावला, फडकं बांधलं. आता त्याला पडून राहायला हवं होतं. कामावर जायचं नाही, चालायचं नाही, आणि दाह उतरला की काढा. पण पडून राहिला तर भट्टीवर विचारणार. काढा ठेवायचा तर मडकं हवं, आणि मडकं आमच्याकडे. माझ्या दारातून तिच्या दारात मडकं गेलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं असतं, आणि सकाळपर्यंत सातव्या आत्याला. तिच्या घरात माणसं दोनच. आजारी कोण हे लहान पोरानंही सांगितलं असतं.

ती माझ्याकडे आली होती. ते मला चांगलं आठवतं. मी भात वाढून घेत होते. ती दारात उभी राहिली, चुलीकडे बघितलं आणि म्हणाली, "आलं आहे का गं थोडं?"

मी आलं दिलं. ती उभीच.

"मडकं हवंय का, वहिनी?" मी आपलं सहज विचारलं. तिची नजर तिकडे होती म्हणून.

"छे. माझ्या घरी कोण आजारी आहे?" ती म्हणाली. "तुझ्या मडक्याला किती काजळी चढलीय ते बघत होते. घास की जरा."

"माझं कुठं ते? गल्लीचं आहे. गल्लीनं घासावं."

ती हसली आणि आलं घेऊन गेली.

मडक्याशिवाय दुसऱ्या कुठल्या भांड्यात काढा होत नाही असं नाही. पण लोखंडाच्या कढईत औषध बिघडतं, आणि वास तर कुठल्याही भांड्यातून सुटतो. दारूचा वास मात्र गल्लीत रोजचा. दारूच्या वासाला कुणी मान वळवत नाही. तिच्याकडे बापाच्या हातची औषधी दारू होती, मुळ्या आणि साली घालून मुरवलेली, जुनी, काळीभोर. ती शेवटच्या पायरीवरची. वाटीत ओतायची, पेटवायची, निळ्या ज्योतीतून हातावर घ्यायची आणि जोरानं चोळायची. जुन्या, थंड पडलेल्या दुखण्यासाठी ती. ताज्या मारासाठी नाही, हे तिच्याइतकं गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं.

पण श्यूगान लंगडत होता आणि फोक यायचा दिवस पुढ्यात होता. तिनं मनाशी म्हटलं असेल की रक्त अजून थिजलं नाही, आत्ताच फोडून काढलं तर निघून जाईल. मला ती पुढं म्हणाली, "मला बापाचा आवाज येत होता गं, हात लावू नको म्हणून. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला पणतू बघायचाय की नाही?"

दार लावून तिनं त्याची मांडी चोळली, रोज. तो उशी तोंडात धरायचा. आणि खरंच, उष्णतेनं पाय मोकळा वाटायचा. काही वेळ तो सरळ चालायचा.

मला वास आला तेव्हा मी त्याला दारात गाठलं. "काय रे, मुलीकडचे यायच्या आधीच प्यायला लागलास?"

"सासरा पाजणार आहे म्हणतात, काकी. आतापासून सवय नको?"

"आईला कळलं तर?"

"आईच ओतते." आणि दात काढून हसला. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो धपाटा खाऊन हसला, पण पायरी उतरताना भिंतीला हात लावून उतरला. मला वाटलं, चढली असेल.

बघायचा दिवस छान गेला. फोक आला, त्याची बायको आली, सातवी आत्या तर होतीच. बिकवान आली नव्हती. श्यूगाननं चहा दिला, एका हातानं जड लाकडी खुर्ची उचलून फोकपुढं ठेवली. फोकनं त्याचा खांदा दाबून बघितला, म्हैस घेताना बघतात तसा, आणि बायकोकडे बघून मान हलवली. युतसिम सगळ्यांना संत्री सोलून देत होती. तिचं स्वतःचं संत्रं तिच्या हातातच राहिलं. लग्न शरदातल्या चंद्राच्या सणानंतरचं ठरलं.

पाहुणे गेले आणि श्यूगान पलंगावर पडला तो दुसऱ्या दिवशी कामावर गेलाच नाही. भट्टीवर पोट बिघडलं म्हणून सांगितलं. मांडी पुन्हा फुगली. सूज उतरली तेव्हा आत काहीतरी राहिलं होतं. आधी कच्च्या पेरूएवढं, मग लांबट, मग दगड. गुडघा अर्ध्यातच अडायला लागला. युतसिमनं चोळणं सोडलं. पुन्हा गार लेपाकडे गेली, मग धुण्याकडे गेली, उलटसुलट सगळं करून पाहिलं. पण बापाच्या पायऱ्या उलट्या चढता येत नव्हत्या. मडकं न्यायला तेव्हाही आली नाही. आता तर जास्तच झाकायचं होतं.

लग्नात नवरा-नवरीनं वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकून चहा द्यायचा असतो. ते कुणाला चुकत नाही. युतसिम त्याच्याकडून दार लावून गुडघे टेकायचा सराव करून घेत होती. लाल गादी जरा उंच शिवली होती तिनं, दुप्पट कापूस भरून. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सुनेचे लाड बघा.

नवरी आणायला जाताना सोबत नवरा जिवंत आणि पोरंबाळं असलेली बाई लागते. युतसिमला जाता येत नव्हतं, म्हणून मी गेले. बोटीत श्यूगान सगळा वेळ उभा होता. मी म्हटलं, "बस की रे, पाय दुखतील."

"कपडे चुरगळतील, काकी."

फोकच्या घरी माणसं मावत नव्हती. हमालांचं घर, हमालांचीच गर्दी, आवाज असा की छप्पर उडेल. फोक आणि त्याची बायको खुर्च्यांवर बसले. गाद्या त्यांच्याच घरच्या होत्या. युतसिमची उंच गादी आमच्या गल्लीत, तिच्या खुर्चीपुढं. ते तिच्या लक्षात आलं नव्हतं, की इथं पण टेकायचं आहे.

बिकवान खाली बसली. श्यूगाननं एक गुडघा टेकला. दुसरा पाय समोर तसाच लांब राहिला, काठीसारखा. तो तोल सावरायला गेला आणि हातातला चहा कलंडला. कुणीतरी म्हणालं, "नवरदेवाची रात्रीची उतरली नाही वाटतं," आणि सगळे हसले. श्यूगान पण हसला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. या वेळी त्याच्या कपाळावरची शीर मला दिसली. हसणं हळूहळू बंद झालं.

फोक खुर्चीवरून उठला. त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि जावयाच्या नव्या कपड्यावरून मांडीवर तळवा ठेवला. जन्मभर स्वतःचं आणि दुसऱ्यांचं अंग दुखताना बघितलेला माणूस. त्यानं एकदा दाबलं, एकदा बाजूनं हात फिरवला.

"हे चोळलं कुणी?" त्यानं विचारलं. मोठ्यानं नाही.

"जत्रेत एक औषधवाला होता," श्यूगान म्हणाला. "मीच गेलो होतो. माझाच गाढवपणा."

"तुझी आई हाडवैद्याची मुलगी ना?"

"तिला मी सांगितलंच नव्हतं."

फोकनं त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या. मी गादीच्या गोंड्याकडे बघत राहिले. मला तेव्हाच सगळं एकदम उमगलं. आलं, दारूचा वास, सगळं.

"मुका मार होता," फोक म्हणाला. "आमच्याकडे हे रोजचं आहे. माझ्या घरी काढ्याचं मडकं गार झालेलं आठवत नाही मला. मला कुणी येऊन सांगितलं असतं तर बघायला यायचा थांबलो असतो. पाऊस सरेपर्यंत थांबलो असतो, आणखी काय."

फोकची बायको रडायला लागली. बाहेर फटाके लावायला बसलेले विचारत होते, लावू का, लावू का. तेव्हा बिकवान म्हणाली, "बाबा, चहा गार होतोय."

फोकनं खुर्चीवर न बसताच, तसाच उकिडवा, जावयाच्या हातातून चहा घेतला आणि प्यायला.

परत आलो तर युतसिम केसांत लाल फूल खोवून तिच्या खुर्चीवर बसली होती. शेजारच्या खुर्चीवर नवऱ्याचा फोटो. तिनं दारातच माझ्याकडे बघितलं. श्यूगान गादीपाशी आला, तेव्हा ती स्वतःच उठून उभी राहिली आणि हात पुढं केला. "उभ्यानंच दे," म्हणाली. "खुर्ची नवी आहे, टोचते." बायका कुजबुजल्या. बिकवान मात्र गुडघे टेकून बसली होती, तिला सासूच्या पायांशिवाय काही दिसत नव्हतं.

जेवणाच्या पंगती उठल्यावर युतसिमनं मला मागच्या पडवीत गाठलं. "काय म्हणाला?"

"चहा प्यायला."

"आणि?"

मला खोटं बोलता येतं, पण तिच्यापुढं नाही. "थांबलो असतो म्हणाला. पावसाळा सरेपर्यंत."

ती भेटीच्या लाल पाकिटांचा गठ्ठा सारखा करत होती. केला, पुन्हा विस्कटला, पुन्हा केला. "तसा दिसत नव्हता गं," एवढंच म्हणाली.

पुढं युतसिम त्याला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. मीही गेले होते, कारण युतसिमला बोटीत मळमळायचं, धरायला कुणीतरी लागायचं. डॉक्टर तरुण होता, पण चांगला. त्यानं काळा फोटो उजेडाला धरून दाखवला. मांडीच्या मांसात ढगासारखं पांढरं. म्हणाला, मांसात हाड धरलंय. मार ताजा असताना जोरात चोळलं की कधी कधी होतं असं. कापून काढता येईल, पण आत्ता नाही, पिकू दे, आणि काढलं तरी पुन्हा येणार नाही असं सांगता येत नाही. "चोळलं कुणी?" त्यानंही विचारलं.

"जत्रेतला औषधवाला," श्यूगान म्हणाला. एव्हाना त्याला ते छान बोलता यायला लागलं होतं. औषधवाल्याला त्यानं एक तिरळा डोळा पण दिला होता.

युतसिम शेजारीच बाकावर बसली होती. तिनं तोंड उघडलं. श्यूगाननं तिच्या मनगटावर हात ठेवला आणि डॉक्टरला म्हणाला, "आई घाबरते फोटोला." डॉक्टर तिला म्हणाला, "घाबरू नका, आजी. तुमची काही चूक नाही." परत येताना बोटीत तिला मळमळलं पण नाही.

शस्त्रक्रिया त्यांनी केली नाही. हातगाडी सुटली. श्यूगान झिलई लावायच्या छपरात बसायला लागला, पाय समोरच्या खोक्यावर लांब टाकून, दिवसभर बरण्या बुचकळत. पैसे कमी. मग बिकवाननं बांबू घेतला. बापानं जिला त्यातून सोडवायचं म्हटलं होतं, ती कच्च्या बरण्या दोन टोकांना टांगून टेकडी चढायला लागली. मूल झालं, त्याला पाठीवर बांधून चढायला लागली. युतसिम गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बघायची आणि ती दिसली की घरात जायची.

बिकवान सासूला कधी उलटून बोलली नाही. ताटात मासळीचा चांगला तुकडा आधी सासूला. पण सासूच्या हातचं औषध तिनं कधी घेतलं नाही. बाळंतिणीला देतात ते व्हिनेगरमध्ये शिजवलेलं आलं पण माहेराहून आलं. एकदा ओझ्यानं तिची कंबर धरली. ती माझ्याकडे आली, हातात पुडी. शहरातून आणलेली.

"काकी, मडकं तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे. घेऊन जा."

"इथंच उकळू का? थोडा वेळच लागेल."

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. तिनं माझ्या चुलीवर काढा ठेवला आणि पाटावर बसली, कमरेला हात लावून. वास सुटला. तो काही माझ्या घरात थांबला नाही, समोर गेलाच. थोड्या वेळानं युतसिम तिच्या दारातून, आत न येता, मला म्हणाली, "दालचिनी जास्त पडलीय. तिला म्हणावं पुढच्या वेळी निम्मीच घाल, तिचं अंग आधीच तापट आहे."

बिकवान आतून ऐकत होती. मी दोघींच्या मधे पळी घेऊन उभी. पुढच्या वेळी तिनं दालचिनी निम्मी घातली, ते मी बघितलं. पण उकळलं माझ्याकडेच.

गल्लीतल्या लोकांना युतसिम आता औषध देत नसे. कुणी लचक घेऊन आलं की म्हणायची, दवाखान्यात जा, तिथं फोटो काढतात. लोक आग्रह करायचे. ती म्हणायची, "मी विसरले." एवढ्या लवकर कसं विसरलीस म्हणून कुणी विचारलं तर म्हणायची, "शिकले तरी कुठं होते?"

फक्त श्यूगानचा पाय तिनं सोडला नाही. संध्याकाळी तो छपरातून आला की ती लाकडी टबात ऊन पाणी तयार ठेवायची, शिरा सैल करणाऱ्या मुळ्या घालून, आणि खाली बसून फडक्यानं मांडीवर ते पाणी सोडत राहायची. चोळायची नाही. बोट सुद्धा जोरानं लावायची नाही. नुसतं पाणी, वरून खाली, वरून खाली. गुडघा थोडा वळायला लागला होता, असं ती म्हणायची. सुरुवातीला वळला पण असेल थोडा. पुढं वर्षं गेली, पाणी तेवढंच, गुडघा तेवढाच.

तिचे हात त्या पाण्यानं पिवळे पडले, कातडी फाटायला लागली. एकदा मी तिथंच बसले होते, वाटाणे सोलत. श्यूगान म्हणाला, "आई, पुरे आता. तुझ्या हाताकडे बघ. पाय आहे तसा आहे. माझं काही अडत नाही."

"आज का उद्या वळेल."

"नाही वळणार. तुलाही माहीत आहे."

तिनं फडकं पाण्यात सोडलं. मग म्हणाली, "मग संध्याकाळी मी काय करू?"

तिनं ते अगदी साधेपणानं विचारलं, भाजी कुठली करू विचारावं तसं. श्यूगाननं विजार पुन्हा वर सरकवली आणि पाय पुढं केला.

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. हिवाळ्यात गेली, फार त्रास न होता. तिच्या क्रियाकर्माला फोकही आला होता, म्हातारा, काठी टेकत. तिच्या फोटोपुढं बराच वेळ उभा राहिला. नंतर एकदा श्यूगान माझ्या दारात बसला होता, पाय लांब टाकून. मी त्याला विचारलं, "खरं सांग, त्या पाण्यानं कधी बरं वाटायचं का रे?"

"नाही, काकी. पाय तर मला लाकडासारखाच. ऊन आहे का गार हे सुद्धा नीट कळायचं नाही."

"मग इतकी वर्षं बसलास कशाला?"

त्यानं डोकं खाजवलं. "ती खाली बसायची ना माझ्यापुढं, तेव्हा मला तिचा टाळू दिसायचा. एरवी कुठं दिसतो आईचा टाळू? केस किती विरळ झालेत, ते मला तिथंच कळायचं. मी म्हणायचो, उद्या पण बघू."